किल्लीतला डाख

दाबले तरी दिवा लागत नव्हता. मोहरीएवढा लाल दिवा, गाडीच्या किल्लीच्या काळ्या पाठीत रुतवलेला... इतकी वर्षे तो प्रत्येक दाबाबरोबर डोळा मिचकावत आला होता आणि निरुपमाने त्याच्याकडे एकदाही नीट पाहिले नव्हते. आता मात्र त्याच्या न लागण्याकडे ती सारखी पाहत होती. चहाचा कप बाजूला सारून तिने किल्ली पुन्हा उचलली, अंगठ्याने बंद कुलपाचे चित्र दाबले, उघड्या कुलपाचे दाबले, धरून ठेवले... काही नाही. हातात नुसते वजन.

"सोड ना ते," गॅलरीतून मुकुंदराव म्हणाले. वारा नव्हता, तरी त्यांच्या हातातले वर्तमानपत्र सळसळत होते. "आयसी गेलाय तिचा. मेलेल्याची नाडी किती वेळा बघशील?"

आयसी गेलाय. हे त्यांनी गेल्या आठवड्यातच जाहीर केले होते. नवा सेल घातला, तरी दिवा लागला नाही, त्या अर्थी आतला आयसी, किल्लीचा मेंदूच, गेला. रिफायनरीच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात उभे आयुष्य काढलेल्या माणसाचा तो निकाल. आणि अशा निकालावर या घरात अपील नसते. मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांचा रेडिओ, अनिशच्या खेळण्यातली आगगाडी — जे जे बिघडले ते त्यांनी उघडले, जे उघडले ते सुधारले, आणि ती शेजारी टॉर्च धरून उभी. इकडे घे. जरा वर. अगं, हलवू नकोस... दहावीच्या वर्गाला विद्युतधारा शिकवून घरी आलेली मी, आणि मला टॉर्च धरता येत नाही.

पण या वेळी सेल बदलताना किल्लीचा इवलासा स्क्रू त्यांच्या बोटांतून तीनदा निसटला होता. शेवटी तो सोफ्याखालून तिनेच काढून दिला, आणि तो घेताना त्यांनी तिच्याकडे पाहिले नव्हते. कंपवाताच्या गोळ्या सुरू होऊन आता बरेच दिवस झाले. आयसी गेलाय, हे त्यांनी त्यानंतर लगेच म्हटले — जरा जास्तच लगेच, असे तिला तेव्हा वाटले होते, आणि वाटले त्याची तिला लाजही वाटली होती.

शोरूममधल्या टाय लावलेल्या मुलाने किल्ली हातातही घेतली नव्हती. "मासी, आ रिपेर ना थाय," तो म्हणाला होता, "आखी नवी ज लेवी पडे." दुरुस्त होत नाही, नवीच घ्यावी लागेल. तिने त्याला त्याच्याच गुजरातीत विचारले, "खोलीने जोयुं तमे?" उघडून पाहिलेत का? यावर तो इतका गोड हसला, की जणू तिने ताजमहाल उचलून बघायला सांगितला होता. "खोलवानी होय ज नहीं, मासी." उघडायची नसतेच. नवी किल्ली, मग गाडीच्या संगणकाला तिची ओळख पटवायची, सगळे मिळून अठरा हजार. दुसरी किल्ली अनिश चुकून खिशात घालून बेंगळुरूला घेऊन गेला होता आणि तिथे घर बदलताना ती कुठे गेली ते देवालाच ठाऊक.

"अठरा मी पाठवतो गं," अनिश फोनवर म्हणाला होता. "पण आई, खरं सांगू? त्या जुन्या गाडीवर आता कशाला? विकून टाका. ॲपवरून गाडी मागवायची, दारात येते. नाहीतर इकडेच या ना दोघं. इथे सगळं आहे."

सगळं. तो शब्द तिच्या दाताखाली खड्यासारखा आला होता. मुलाचा हेतू वाईट नव्हता, कधीच नसतो. पण गाडी विकायची म्हणजे काय विकायचे हे त्याला कसे सांगणार? मुकुंदरावांचे हात बिघडायला लागले, तेव्हा पंचावन्न उलटून गेल्यावर ती कारेलीबागेतल्या मोटार शिकवणाऱ्याच्या दारात उभी राहिली होती. "बेन, आ उंमरे?" — या वयात? — त्याने विचारले होते, आणि तिने पर्समधून पैसे काढून त्याच्या टेबलावर ठेवले होते, उत्तर म्हणून. विश्वामित्रीच्या पुलावर पहिल्यांदा गाडी घातली तेव्हा शेजारी मुकुंदरावांनी डोळे मिटून घेतले होते; पूल ओलांडल्यावर उघडले आणि म्हणाले, "गिअर उशिरा टाकलास." एवढेच. पण त्या संध्याकाळी ती एकटीच खाली पार्किंगमध्ये गेली होती आणि बंद गाडीच्या स्टिअरिंगमागे बराच वेळ नुसती बसून राहिली होती — कशासाठी, कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. अंगात काहीतरी ताठ उभे राहिले होते आणि ते घेऊन लगेच स्वयंपाकघरात जायचे नव्हते, इतकेच.

आणि आता गाडी खाली धूळ खात होती, आणि मुकुंदरावांच्या फतेगंजच्या फिजिओथेरपीच्या खेपा बंद होत्या. रिक्षात ते बसत नसत. मागे एकदा सयाजीगंजात रिक्षात चढताना त्यांचा पाय अडला, रिक्षावाल्याने खाली उतरून त्यांच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि लेकराला उचलावे तसे त्यांना आत बसवले — "धीमे धीमे, दादा" — भला माणूस होता बिचारा. त्यानंतर रिक्षा नाही, ॲपची गाडी नाही, कोणाच्याही हाताचा आधार घेणे नाही. व्यायाम घरीच करतो म्हणाले, आणि करत नव्हते. काल सकाळी शर्टाचे वरचे बटण लागेना, तेव्हा त्यांनी ते उघडेच ठेवले आणि दिवसभर मानेशी हात नेत राहिले.

"उशी वर आणते गाडीतली," ती म्हणाली. "पाठीला लागेल तुम्हाला."

उत्तरादाखल कागद सळसळला.

खाली मांडव सोडणारे लोक गरब्याच्या मैदानातले बांबू ओढत होते. निरुपमाने किल्लीच्या पोटातून लपलेली पातळ पट्टी काढली — दिवा नसला तरी एवढे जुन्या पद्धतीचे कुलूप त्या गाडीत होते — आणि दार उघडून ती आत बसली. आतली हवा तापलेली, जुन्या कापडाच्या वासाची. उशी मागच्या सीटवर होती. ती घ्यायची आणि वर जायचे... पण ती बसूनच राहिली, आणि सवयीने पाय क्लचवर गेला, आणि सुरू करण्याचे ते गोल बटण समोर दिसले, आणि तिला एकदम राग आला. कोणाचा? शोरूममधल्या मुलाचा, अनिशच्या 'सगळं'चा, सोफ्याखालच्या स्क्रूचा... हातात किल्ली होती, त्या किल्लीच्याच बोथट टोकाने तिने ते बटण खच्चून दाबले, एखाद्या आगाऊ पोराच्या डोक्यात डस्टर टेकवावे तसे.

गाडी सुरू झाली.

ती इतकी दचकली की तिने लगेच बंद केली. बांबूवाल्यांपैकी कोणी पाहिले का? कोणी नाही. मग तिने किल्ली शेजारच्या सीटवर ठेवली आणि बटण बोटाने दाबले — समोरच्या पडद्यावर गेल्या आठवड्यापासूनचा तोच निरोप, किल्ली सापडत नाही. किल्ली उचलून बटणाला टेकवली, दाबले — सुरू. बंद. पुन्हा सीटवर — नाही. पुन्हा टेकवून — सुरू. एकदा झाले तर योगायोग, पुन्हा पुन्हा झाले तर निरीक्षण. हे वाक्य तिने फळ्यासमोर किती वर्षे म्हटले होते! तिचे हृदय जोरात चालले होते आणि डोके मात्र आश्चर्य वाटावे इतके थंड झाले होते.

म्हणजे आयसी गेलेला नाही.

म्हणजे किल्लीत दोन जीव आहेत. एक दुरून हाक मारतो, त्याला सेलची शक्ती लागते. तो गप्प आहे. दुसरा मुका नाही, त्याला नुसते जवळ न्यावे लागते, कारण त्याला सेल लागतच नाही... बटणाभोवती गाडीने तारेचे वेटोळे लपवले असणार, किल्लीतही एक असणार, आणि एका वेटोळ्यातली बदलती धारा दुसऱ्यात, स्पर्श न करता, धारा जागी करते. प्रवर्तन. विद्युतचुंबकीय प्रवर्तन! तो शब्द तिने मोठ्याने म्हटला, गाडीत, एकटीने. निवृत्तीनंतर तो तोंडात आलाच नव्हता. कुठून येणार? शहरातल्या त्या मराठी शाळेचे वर्ग एकेक करून बंद पडले, मुले इंग्रजीत गेली, गुजरातीत गेली, आणि परिपथ, विभवांतर, रोध, प्रवर्तन — तिच्या आयुष्यातले हे घरचेच शब्द — बडोद्यात जणू कोणाच्या ओठांवर उरले नाहीत. दुपारच्या तासाला मुले पेंगत असत या धड्याला. ती मात्र कधी पेंगली नाही. दर वर्षी, दर वेळी, त्या स्पर्शाशिवाय जागे होणाऱ्या धारेपाशी आल्यावर तिच्या अंगावर हलकासा काटा येई, आणि तो मुलांना दिसू नये म्हणून ती फळ्याकडे वळे.

जिवंत आहे. मग दुखणे कुठे? सेल नवा. आयसी शाबूत. तर मग सेल आणि आयसी यांच्या मध्ये. परिपथ कुठेतरी तुटलेला आहे, आणि तुटला असेल तर तो डोळ्यांना दिसायला हवा.

उशी गाडीतच विसरून ती वर आली.

जेवणाच्या टेबलावर तिने पांढरा कागद पसरला, वाचायचे भिंग घेतले, स्क्रू काढला, दोन शकले वेगळी केली. नखाएवढी हिरवी पट्टी. तिच्यावर सेल धरणारा पत्र्याचा चिमटा, आणि चिमट्याचे दोन पाय पट्टीला वितळत्या धातूचा डाख देऊन बसवलेले. एका पायाचा डाख चकचकीत, घट्ट. दुसऱ्याच्या भोवती, भिंग तिरके धरले की दिसे आणि सरळ धरले की नाहीसे होई असे, केसासारखे काळे कडे होते. भेग. तिने टूथपिकने तो पाय हलकेच खाली दाबला आणि दुसऱ्या हाताने बटण.

दिवा लागला.

तिने काडी उचलली. विझला. दाबली. लागला.

खुर्चीत मागे टेकून ती हसली, आवाज न करता. हा आनंद तिच्या ओळखीचा नव्हता. निकाल चांगला लागल्याचा, अनिशला नोकरी लागल्याचा, असले आनंद तिने भरपूर भोगले होते, पण ते सगळे दुसऱ्याच्या दारातून आत आलेले. हा तिचा एकटीचा होता. कोणी टॉर्च धरली नव्हती. आणि त्याच क्षणी, त्या आनंदाच्या पाठोपाठ, दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली. असा डाख आपोआप तडकत नाही. किल्ली पडते, पुन्हा पडते, पुन्हा... जिन्यात, पार्किंगच्या फरशीवर, न्हाणीघराच्या दारात. ते 'टक्' असे आवाज तिने ऐकले होते. स्वयंपाकघरातून "काय पडलं हो?" असे विचारलेही होते, आणि दर वेळी बाहेरून उत्तर आले होते, "काही नाही."

"काय चाललंय?"

मुकुंदराव दारात उभे होते. एक हात चौकटीवर, दुसरा खिशात. खिशातला हात सदऱ्याचे कापड थरथरवत होता.

"आयसी नाही गेलेला," ती म्हणाली. आपला आवाज वर्गातला झाला आहे हे तिला कळले, पण तो खाली आणता येईना. "किल्ली बटणाला टेकवली की गाडी सुरू होते. म्हणजे बिनसेलचा भाग ठीक आहे. आणि हे पाहा, या पायाचा डाख सुटलाय."

ते आले, बसले, भिंग मागितले. भिंग त्यांच्या हातात हलत होते, म्हणून तिने हिरवी पट्टी त्यांच्या भिंगाबरोबर हलवायला सुरुवात केली, अगदी नकळत, आणि नंतर ते जाणवून थांबली. ते बराच वेळ पाहत राहिले. हे मला दिसायला हवं होतं, असे ते म्हणतील का? शाबास म्हणतील का? तिला हवे होते ते. साठी उलटलेल्या बाईला शाबासकी हवी असते, हे हास्यास्पद आहे, पण हवी होती.

"कशाने सुटला असेल?" त्यांनी विचारले. तोंड वर न करता.

इतक्या वर्षांत तिने एकाही विद्यार्थ्याला जाणूनबुजून चुकीचे उत्तर दिलेले नव्हते.

"उष्णतेने," ती म्हणाली. "उन्हात गाडीत राहते ना. प्रसरण, आकुंचन."

"उष्णतेने," ते म्हणाले — शिक्षकाचे चुकले आहे हे कळलेला हुशार मुलगा म्हणेल तसे. मग भिंग खाली ठेवले. "माळ्यावर माझी पेटी आहे. सोल्डरिंगची. काढ."

पेटीतले सगळे जागच्या जागी होते. इस्त्रीसारखे तापणारे ते लेखणीएवढे हत्यार, डाखाच्या तारेचे रीळ, पितळी डबीत राळ. हत्यार तापले तसा तो जुना वास घरभर पसरला — रविवार सकाळचा वास, अनिश लहान असतानाचा. मुकुंदरावांनी ते उजव्या हातात घेतले. टोक हवेत लहान लहान वर्तुळे काढू लागले. त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले. वर्तुळे मोठी झाली. कोपर टेबलावर टेकवले, श्वास रोखला, टोक हिरव्या पट्टीच्या अगदी जवळ नेले... तिने श्वास रोखला नाही. तिने खिडकीबाहेर पाहिले. बांबू टेम्पोत चढवले जात होते. एवढे पाहत राहणे तिला जमले.

"निरू."

तिने वळून पाहिले. त्यांनी हत्यार स्टँडवर ठेवले होते.

"तू कर."

लग्नाला इतकी वर्षे झाली, हे दोन शब्द या क्रमाने तिने त्यांच्या तोंडून ऐकल्याचे तिला आठवेना. तिने पदर खोचला, चष्मा वर ढकलला.

"सेल काढ आधी. हं. टोक पायापाशी टेकव. तार टोकाला लावायची नाही, पायाला लाव. थांब, तापू दे... आता. दे तार. वितळली? पुरे, पुरे! तार काढ. आता हत्यार. फुंकू नकोस, आपण होऊन निवू दे."

त्यांचे शब्द आणि तिची बोटे. राळेचा धूर डोळ्यांत गेला तरी तिने पापणी हलवू दिली नाही. डाखाचा थेंब पायाभोवती पसरला, चमकला, आणि मग क्षणात त्याच्यावर एक मंद साय धरली. हात जराही हलला नव्हता. हे तिने मुद्दाम पाहिले, आणि पाहताना त्यांच्या हातांकडे पाहायचे टाळले. माझे हात चांगले आहेत, तिच्या मनात आले, किती चांगले आहेत — आणि हा विचार याच टेबलाशी, त्यांच्यासमोर करणे बरोबर आहे की नाही हे ठरवत बसायला ती थांबली नाही.

सेल पुन्हा बसवून, किल्ली मिटवून तिने खिडकीतून खाली हात काढला आणि बटण दाबले. पार्किंगमधून गाडीने दोनदा हाक दिली.

"चला," ती म्हणाली. "फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई अजून असतील. शर्ट बदला."

ते उठले. वाद घातला नाही. शर्टाचे वरचे बटण तिने लावले, तेव्हा ते छताकडे पाहत होते.

अमितनगरच्या चौकात गर्दी होती. निरुपमा शांतपणे गाडी काढत होती, रिक्षांना वाट देत, स्कूटरवरच्या मुलींना सांभाळत, आणि आतमध्ये काहीतरी गुणगुणत होते, ओठांपर्यंत न येणारे. एवढ्यात मुकुंदरावांच्या मांडीवर फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घातला. कानाशी धरवत नसे हल्ली.

"बाबा, मग काय ठरवलं गाडीचं?" अनिशचा आवाज.

"चालू आहे गाडी. फतेगंजला निघालोय."

"म्हणजे? नवी किल्ली घेतली?"

"छे. तीच. दुरुस्त केली."

"पण शोरूमवाले तर होत नाही म्हणाले ना? कुठे केली?"

"घरीच केली."

घरीच केली. निरुपमाने वाक्य पुरते ऐकले आणि पुढच्या शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही. आपली भाषाही अशी, तिला वाटले, की क्रियापद किल्लीच्या मागून चालते; केली — मग करणारा बाप्या असो, बाई असो, कोणीही असो, आणि नसला तरी वाक्याला काही उणे पडत नाही. खोटे काहीच बोलले नव्हते ते.

"वा, बाबा!" अनिश हसला. खराखुरा आनंद होता त्या हसण्यात. "म्हणजे अजून हात चालतो तुमचा!"

मुकुंदरावांनी डावा हात उजव्यावर ठेवला. पुलाची चढण आली. घेऊ दे त्यांना हे, तिने स्वतःला सांगितले. किती लागते आहे त्यांना, आणि तुझे काय जाते? मघाशी 'उष्णतेने' म्हणालीस, तशी आता नुसती गप्प बस. एवढेच तर. काही जात नाही... काही जात नाही, काही जात नाही, असे करत करत निम्म्याहून जास्त आयुष्य गेले होते. मघाचे खोटे तिने दिले होते, आपण होऊन, आणि ते दिल्याचे तिला आत्ताही वाईट वाटत नव्हते. पण हे कोणी मागितलेही नव्हते. नुसते घेतले जात होते, पूर्वीसारखे, कोणाच्याही लक्षात न येता.

"मी केली, अनिश," ती म्हणाली.

"काय? आई, तू?"

"दोष मी शोधला. डाखही मी दिला. कसा द्यायचा ते बाबांनी सांगितलं. प्रवर्तन म्हणजे काय, माहीत आहे का तुला?"

"काय म्हणजे?"

"इंडक्शन. रात्री फोन कर, समजावून सांगते."

पलीकडे अनिश पुन्हा हसला, या वेळी जरा गोंधळून, आणि बरं बरं, सावकाश जा, असे म्हणून त्याने फोन ठेवला. गाडीत एसीचा आवाज उरला. मुकुंदराव खिडकीबाहेर नदीकडे पाहत होते. पुलाचे कठडे एकामागून एक मागे जात होते.

"समोर बघून चालव, निरू," ते म्हणाले.

ती समोरच पाहत होती. त्या आवाजात राग होता, की ओशाळेपणा, की आणखी काही, तिला कळले नाही. एरवी ती ते शोधत बसली असती — संध्याकाळपर्यंत, जेवणापर्यंत, त्यांच्या प्रत्येक हुंकारात. आज शोधावेसे वाटले नाही. आपल्याला फार बरे वाटते आहे आणि थोडे वाईटही वाटते आहे, आणि त्या वाईट वाटण्याने हे बरे वाटणे तसूभरही कमी होत नाही, हे तिला नवीन होते. तिने पाठ सरळ केली, गिअर बदलला, अगदी वेळेवर, आणि पुलाचा उतार सुरू झाला.